पाठ टेकली की उठणारी माणसं

ब्लाउजचं माप घेताना बाईला हात वर करायला सांगावं लागतं. हात वर असले तरी बायकांचं तोंड चालूच असतं, आणि माझ्या दुकानात आल्या की विषय ठरलेला: आमचे पैलवान. "वैनी, तुमच्या ह्यांचा जुना व्हिडिओ बघितला काल मोबाईलवर. लय मार खाल्ला की वं त्यांनी! उलटून एक तरी द्यायची का न्हाई?" तेव्हा टेप माझ्या हातात असते आणि तिच्या गळ्याभोवती असते. माप अर्धा इंच घट्ट घ्यावं, असं पुष्कळदा मनात येतं.

आमचे पैलवान, म्हणजे माझे यजमान, टीव्हीवरच्या कुस्तीतले. उत्तरेतल्या एका कंपनीकडे बरीच वर्षं होते. चौकोनी रिंगण, चारी बाजूंनी दोऱ्या, वर दिवे आणि कान फुटतील असा आवाज. त्यातही त्यांची कुस्ती जोडीची. इकडं दोघं, तिकडं दोघं. दोघांतला एक आत लढणार आणि दुसरा दोरीबाहेर उभा राहणार. आतला दमला की त्यानं कसंबसं कोपऱ्यापर्यंत यायचं, बाहेरच्याच्या हाताला हात लावायचा, मग बाहेरचा आत आणि आतला बाहेर. हात लागल्याशिवाय बाहेरच्यानं आत पाऊल टाकायचं नाही, आणि हात दिल्यावर आतल्यानं तिथं थांबायचं नाही. नियम एवढाच.

जोडीदार जतकडचा. मेंढरं राखणाऱ्या घरातला, आडदांड, मिशा लांबून दिसाव्यात अशा, आणि घरात कन्नड बोलणारा. हात मागायचा झाला की तो "बा!" म्हणून ओरडायचा. कन्नडमध्ये बा म्हणजे ये. आमच्या कृष्णाकाठच्या माणसाला तेवढं एकच कन्नड आलं, पण ते हाडात मुरलं. मग हेही तसंच ओरडायला लागले. दोघांच्या चड्ड्या मी शिवायची. एकाच ताग्यातलं गर्द हिरवं कापड, कडेला हळदीच्या रंगाची पट्टी. जोडी म्हटल्यावर जोडी दिसायला नको?

कामाची वाटणी सरळ होती. मार आमच्या पैलवानांनी खायचा. दोघा-दोघांनी मिळून त्यांना आपटायचं, तुडवायचं, कोपऱ्याजवळ आले की पाय धरून परत ओढायचं. बघणाऱ्यांचा जीव वरखाली झाला, बायापोरं रडकुंडीला आली, की मग कुठं यांचा हात जोडीदाराच्या हाताला लागायचा. तो आत आला की सगळं मैदान डोक्यावर. टाळ्या त्याला, शिट्ट्या त्याला, फोटो त्याचे. आणि यांना कोणी बघायचंही नाही, कारण तेव्हा हे दोरीबाहेर बरगड्या धरून बसलेले असायचे.

ठरलेलं असायचं, हो. मी कुठं नाही म्हणते? जिंकायचं कोणी हे आधी ठरायचं. पण आपटायची फळी खरी होती, फळीखालचं लोखंड खरं होतं आणि त्यावर पडणारी पाठ माझ्या नवऱ्याची होती. ती पाठ मी शेकलेली आहे. आणि आमच्या जत्रेत ज्या कुस्त्या अर्धा तास नुसत्या मानेला मान लावून चालतात आणि शेवटी बरोबरीत सुटतात, त्या काय आभाळातून ठरून येतात? पण तिथं कोणी खोटी म्हणत नाही. तिथं माती लाल असते ना!

एक गोष्ट मला लग्नानंतर कळली. पाडण्याच्या आधी पडणारा माणूस पाडणाऱ्याचं मनगट हळूच दाबतो. मी तयार आहे, टाक, अशी ती खूण. ती खूण मिळाल्याशिवाय समोरचा उचलत नाही. बघणाऱ्याला ते दिसत नाही. मला दिसतं. व्हिडिओत मी दुसरं काही बघतच नाही, तेवढं मनगट बघते.

हल्ली या व्हिडिओंचा सुकाळ झालाय. कोणीतरी जुन्या कुस्त्या मोबाईलवर टाकल्या आणि ज्यानं आयुष्यात गादीवरून खाली उडी मारली नाही तो प्रत्येक जण मत द्यायला लागला. एकानं लिहिलं, जोडीतला मिशीवाला एकटा असता तर कुठल्या कुठं गेला असता, ह्या दुसऱ्यानं त्याला मागं ओढलं. आणखी एकानं लिहिलं, दोघांच्या चड्ड्या तेवढ्या सारख्या, बाकी काही सारखं नाही. त्याला हसणारे कितीतरी. त्या चड्डीची शिलाई मी केली होती, बाबा! ती कधी उसवली नाही, एवढं तरी लिहायचं होतंस. न्हाव्याच्या दुकानात वेगळं मत: हे तालमीतच राहिले असते तर मोठी गदा आणली असती, नाचगाण्यात गेले आणि वाया गेले. म्हणजे एकाच्या मते हे नालायक होते म्हणून मागं राहिले, आणि दुसऱ्याच्या मते लायक होते म्हणून वाया गेले. दोघंही गावातलेच, चहा मात्र आमच्याच अंगणात येऊन पितात.

या सगळ्या मतांचं मूळ कुठं आहे, ते मला पक्कं ठाऊक आहे. मी तिथं हजर होते.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मी खंडाळ्याकडची. तिकडं कंपन्यांच्या भोंग्यावर गावं चालतात, पैलवानकीचं एवढं वेड नाही. इथं आले तर घराघरात एक तरी कान मोडलेला माणूस. यांची पहिली मोठी कुस्ती टीव्हीवर लागणार असं कळलं तेव्हा गावानं तालमीत टीव्ही आणून बसवला. चार वाजताच जागा भरली. म्हातारे पुढं, बाकीचे मागं, काही खिडकीत. वस्ताद खुर्चीवर. मी नवी सून, म्हणून दाराशी पदर घेऊन उभी.

कुस्ती सुरू झाली. आधी हेच आत गेले. समोरच्यानं यांना उचललं, फिरवलं आणि धाडकन पाठीवर टाकलं. पाठ लागली.

आणि गाव उठलं.

खरंच सांगते, सगळं गाव उठलं. कारण आमच्याकडं पाठ लागली की कुस्ती संपली. चितपट. त्याच्या पुढं काही नसतं. म्हाताऱ्यांनी टोप्या घातल्या, धोतरं झटकली. "झाली चितपट," एकजण म्हणाला, "चला, धारा काढायच्यात." कोणी हळहळलं, कोणी शिवी दिली. वस्तादांनी तर खुर्चीच उलटी फिरवली. टीव्हीत कुस्ती चालूच होती, हे उठून पुन्हा भिडले होते, आणि इकडं तालमीच्या दारात चपला शोधायची गर्दी! मी म्हणतेय, "आवं, थांबा की, अजून हाय," तर नव्या सुनेचं ऐकतंय कोण? ज्याचा टीव्ही होता तो वायर काढायला निघाला. मी जाऊन बोर्डासमोर उभी राहिले. पदर डोक्यावरून पडला तरी हलले नाही. शेवटी तो बिचारा पायरीवर जाऊन तंबाखू मळत बसला आणि त्या रिकाम्या तालमीत शेवटपर्यंत ती कुस्ती मी एकटीनं बघितली.

दुसऱ्या दिवसापासून गावात एकच वाक्य. पहिल्याच मिनिटाला चितपट झाला. हे सुट्टीवर आले तर लोक खांद्यावर हात ठेवून समजूत काढायला लागले. यांनी सांगायचा प्रयत्न केला की त्या कुस्तीत नुसती पाठ लागून चालत नाही, दाबून धरून पंचानं तीन मोजावे लागतात. "व्हय व्हय," म्हणून लोक मान डोलवायचे. हरलेला माणूस असं बोलतोच, असा तो भाव. त्यानंतर पुढं काय झालं हे एकानंही, एकानंही विचारलं नाही.

सुट्टीत हे तालमीत पडायचा सराव करायला गेले. हनुवटी छातीला लावून, हात पसरून, पाठीवर पडायचं. वस्तादांनी बघितलं आणि तांबडे झाले. "उभं ऱ्हायाला शिकिवलं तुला, आन तू पडाय शिकतूस? भाईर हो!" हे खाली मान घालून बाहेर आले. वस्ताद आता नाहीत, त्यांच्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते. पडायला शिकवलं असतं तर आमच्या गावातली अर्धी पोरं गुडघे घेऊन घरी बसली नसती.

गावाला दोष तरी किती द्यायचा, असं आमचे पैलवान म्हणतात. मी म्हणते, होईल तेवढा द्यायचा.

यांची कुस्ती सुटली ती मानेमुळं. शेवटच्या सामन्यात एक नवा पोरगा वरच्या दोरीवरून उडी मारताना घसरला आणि डोकं खाली होऊन पडायला लागला. हे बाजूला सरले असते तर तो पोरगा संपला असता. हे सरले नाहीत. त्याला अंगावर घेतलं. पोरगा उठून चालत गेला आणि यांना उचलून न्यावं लागलं. जोडीदार गाडीत सोबत होता, सारखं कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत होता. पुढं मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून मला दाखवला. मानेचे मणके. म्हणाले, आता एकदा जरी पाठीवर आपटले तर हातपाय जातील, न्हाणीघरातसुद्धा जपून. तेव्हापासून डावा हात खांद्याच्या वर जात नाही आणि मान वळत नाही. कोणी हाक मारली तर हे सगळेच्या सगळे वळतात. गावात कोणाला सांगायचं नाही, ही मला ताकीद. त्या शेवटच्या सामन्याच्या व्हिडिओखाली काय लिहिलंय वाचायचंय? "म्हातारा झालाय, सरकता पण येईना." हे वाचलं त्या दिवशी माझ्या हातून एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली गेली.

आता जत्रेचं सांगते. आमच्या जत्रेच्या मैदानात मोठी कुस्ती लागायच्या आधी गावातल्या जुन्या पैलवानांना एकेक करून माईकवरून हाक मारतात. ते आखाड्यात जातात, माती कपाळाला लावतात, त्यांना फेटा बांधतात आणि पुढच्या ओळीत बसवतात. जो कधीकाळी दोन-चार कुस्त्या मारून दुबईला गेला त्यालाही फेटा. आमच्या पैलवानांना कधी हाक नाही. हे बांधावर लोकांत बसतात, आणि निवेदकानं नावं घ्यायला सुरुवात केली की पायातली चप्पल काढून तिच्यातली माती झाडायला लागतात. सगळी नावं संपेपर्यंत झाडतात. या माणसानं आयुष्यात माझ्याजवळ काही मागितलं नाही, पण ती चप्पल बघितली की मला कळायचं. आपल्या मातीत, आपल्या माणसांसमोर एकदा फेटा. एवढंच हवं होतं. मिळत नव्हतं.

यंदा यात्रा कमिटीचे अध्यक्ष स्वतः दुकानात आले. व्हिडिओंमुळं जोडीदाराचं नाव झालेलं, म्हणून तरुण पोरांनी त्याला प्रमुख पाहुणा ठरवला होता. "आन यंदा तुमच्या ह्यांना बी फेटा," अध्यक्ष म्हणाले. "जोडी एकत्र बघायची हाय लोकास्नी." माझा इतक्या वर्षांचा राग, खरं सांगते, त्या एका वाक्यानं विरघळला. मी अध्यक्षांना साखर जास्त घालून चहा दिला. यांना नवा पांढरा नेहरू शर्ट शिवला. बटणं मोठी लावली, कारण डाव्या हाताला बारीक बटणं लागत नाहीत. जत्रेच्या दिवशी सकाळपासून हे तो शर्ट घालून ओट्यावर बसले होते, पाठ भिंतीला न टेकता, सुरकुती पडू नये म्हणून.

मैदानात बायकांसाठी एका बाजूला ताडपत्री असते. आता पोरींच्याही कुस्त्या लागतात, म्हणून तेवढी सुधारणा झालीय. मी पुढंच जाऊन बसले, बांबूच्या कठड्याला लागून. निवेदकानं नावं घेतली. जोडीदार आला तर हलगी अशी कडाडली की बोलणं ऐकू येईना. त्याला मोठा गुलाबी फेटा बांधला. मग यांचं नाव घेतलं. माझ्या डोळ्याला पाणी आलं. हे आत गेले, माती कपाळाला लावली आणि फेट्यासाठी उभे राहिले.

फेटेवाला कापड घेऊन पुढं झाला, तर अध्यक्षांनी त्याला हातानं थांबवलं. माईकवर म्हणाले, "फेटा मागनं बांधू. आधी पाव्हण्यांनी ह्यास्नी उचलून एक नमुना दावायचा. आत्ता बांधला तर पडताना सुटंल!"

सगळं मैदान हसलं. टाळ्या, शिट्ट्या. "होऊ दे! होऊ दे!" हलगी पुन्हा सुरू.

म्हणजे फेट्याला बोलावलंच नव्हतं. पडायला बोलावलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहज म्हणून हसत होते हो लोक, कोणाच्या मनात पाप नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. जोडीदार मान हलवत होता, नको नको म्हणत होता. त्याला मानेचं ठाऊक होतं. अध्यक्ष त्याच्या पाठीवर थापा मारत होते. तो यांच्याकडं बघायला लागला. आणि हे? हे हसत होते. आयुष्यभर लोकांनी मागितलं ते दिलेला माणूस, तो आपल्या गावासमोर नाही कसं म्हणणार? मला नीट दिसलं, यांनी उजव्या हातानं जोडीदाराचं मनगट धरलं.

आणि दाबलं.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. आखाड्याच्या कडेला होते एवढं आठवतं. आमच्याकडं कुस्ती न खेळणारी बाई आखाड्याच्या मातीत जात नाही. मी कठड्यावरून हात आत लांब केला आणि होता नव्हता तेवढा जीव काढून ओरडले, "बा!"

हलगीतसुद्धा यांना ते ऐकू गेलं. सगळेच्या सगळे वळले. माझा हात बघितला. क्षणभर यांना काही कळलं नसावं, पण पाय आपोआप चालायला लागले, जसे इतकी वर्षं कोपऱ्याकडं चालले तसे. जवळ आले आणि माझ्या तळहाताला हात लावला.

हात लागला. नियम म्हणजे नियम. हे कठड्याबाहेर आले आणि मी आत गेले.

सगळ्यांच्या आधी कळलं ते जोडीदाराला. तो दोन पावलं मागं सरला, दोन्ही हात वर केले आणि मोठमोठ्यानं हसायला लागला. "वैनी आल्या आत! आता खरं न्हाई कुणाचं!" हलगीवाला थांबला. अध्यक्ष माझ्याकडं बघतच राहिले, त्यांच्या हातातला माईक मी काढून घेतला.

"अध्यक्ष," मी म्हणाले, "ह्यांची मान गेलीया. आत्ता पडले असते तर उद्यापासनं तुमी यांना घास भरवाय येणार हुता का?"

अध्यक्षांनी माईकसाठी पुढं केलेला हात मागं घेतला.

"तुमाला नमुना पायजे ना? मी सांगते नमुना. ह्यांची पैली कुस्ती तालमीत लावली हुती. यांची पाठ लागली आन तुमी धारा काढाय गेला. फुडं काय झालं ते एकानं इचारलं न्हाई. आज इतकी वरसं झाली, एकानं न्हाई!"

बांधावरून एक म्हातारा, माझ्या सासऱ्यांच्या वयाचा, उठून उभा राहिला. त्या दिवशी पुढं बसलेल्यांतलाच. त्यानं कानामागं हात धरला आणि अगदी मनापासून विचारलं, "काय झालं मग, पोरी?"

मला हसावं की रडावं कळेना. मी सांगायला लागले. हे कसे उठले, कसे पुन्हा पडले, पाय धरून यांना कसं मागं ओढलं, हात कसा बोटभर लांब राहायचा आणि निसटायचा. शेवटी हात लागला आणि जोडीदार आत आला. मग जोडीदारालाच दोघांनी कोंडीत धरलं, तो "बा" म्हणून ओरडला, आणि हेच पुन्हा आत गेले. मोडलेल्या बरगड्यांनी समोरच्याला उचलला, पाडला आणि दाबून धरला. "पंचानं मोजलं," मी म्हणाले, "एक. दोन." आणि तीन सगळं मैदान म्हणालं.

टोप्या उडाल्या. लंगोट लावून वाट बघत उभे असलेले पुढच्या कुस्तीचे दोन पैलवान टाळ्या वाजवत होते. केव्हाच संपलेली कुस्ती, आणि हे लोक आत्ता ओरडत होते! एवढंच हवं होतं तर मेल्यांनो तेव्हा का नाही बसलात? पण कोणीही उठून गेलं नाही, हे मी नीट बघून घेतलं.

अध्यक्ष खाली बघत पुटपुटले, "मग आता फेटा बांधू या."

"बांधा," मी माईकवरच म्हणाले. "आता पडनार न्हाईत ते."

हे पुन्हा आत आले. फेटेवाल्यापुढं मान वाकवावी लागते, यांना वाकवता येत नाही. जोडीदारानं स्वतःची खुर्ची उचलून आणली आणि यांना बसवलं. फेटेवाल्यानं उभं राहून बांधला, घट्ट आणि छान. यांनी उजव्या हातानं तो चाचपून बघितला, पुन्हा एकदा बघितला. डोळे पुसायला हात खाली आणला तर नव्या शर्टाच्या बाहीला कपाळाची लाल माती लागली. लागू दे म्हटलं.

मी बाहेर पडायला वळले, तेवढ्यात पोरांच्या घोळक्यातून कोणीतरी म्हणालंच, "पण ते समदं आधीच ठरल्यालं असतंय की."

माईक अजून माझ्याच हातात होता.